एक वेत होऊ दे

आमची ठकी गेली तेव्हा पाच वर्षांची होती. आजार म्हणाल तर जेमतेम पंधरा दिवसांचा. पण त्या आजाराला मीच पाच वर्षं दारात उभं करून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांच्या घरात कुत्री आहे आणि ज्यांना येताजाता एकच सल्ला मिळतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पूर्णगडला अंगणवाडी चालवते. घडलं तेवढंच सांगते.

फडक्यातलं पिल्लू

आमचे हे, वसंत, खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. एका संध्याकाळी ते ऑइल पुसायच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. जेटीवर कोणीतरी गोणी टाकून गेलं होतं. आत चार पिल्लं, चारही माद्या. तीन मेलेल्या. चौथी ही.

"नुसती बघ," हे म्हणाले. "ठेवायची नाही."

मी दूध कोमट करून आणेपर्यंत ती फडक्यातून बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून बसली होती. लाकडी बाहुलीसारखी ताठ, डोळे मोठे. मी ठकी म्हटलं आणि नाव पडलं. नाव पडलं म्हणजे ठेवली.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आम्हाला मूल नाही. चौतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालं होतं. रत्नागिरीला दाखल झाले तेव्हा मला सांगितलं होतं की फक्त गाठी काढणार. शुद्धीवर आले तेव्हा पिशवीच काढलेली होती. ह्यांनी उशाशी बसून ते सांगितलं आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला कोणी विचारलं नाही, हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. त्यानंतर किती वेळा म्हटलं ते ह्यांनाच ठाऊक. त्या डॉक्टरांचं नाव मी घरात काढू दिलं नाही.

मंगळवारची वेळ

ठकी सात-आठ महिन्यांची झाल्यावर रेबीजच्या इंजेक्शनासाठी आम्ही तिला रत्नागिरीला नेलं. जनावरांच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, "अजून माजावर आलेली नाही. ऑपरेशन करून टाका, ताई. हीच वेळ चांगली."

"एक वेत झाल्याशिवाय?" मी विचारलं. "एकदा तरी पिल्लं झाली पाहिजेत ना? सगळे तसंच सांगतात."

"सगळे सांगतात खरं. पण त्याने तिचं काही भलं होत नाही. तब्येत सुधारत नाही, स्वभाव बदलत नाही. उलट जितके माज जातील तितका पुढचा धोका वाढतो. आचळांना गाठी होतात, पिशवीत पू होतो. फार कुत्र्या येतात आमच्याकडे तशा."

ह्यांनी मान हलवली आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. मी मात्र "पिशवी" या शब्दापाशीच थांबले होते. त्यापुढचं माझ्या कानात शिरलंच नाही.

घरी आल्यावर शेजारच्या कुसुमकाकींना सांगितलं. त्या पायरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. "अगो, बाईचा जन्म तिचा," त्या म्हणाल्या. "एक वेत तरी होऊ दे. तशीच कापलास तर तळतळाट लागेल मुक्या जीवाचा."

माझ्या डॉक्टरांना मी किती तळतळाट दिला होता, हे मला माहीत होतं. सोमवारी हे कामावर गेल्यावर मी दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "मॅडम गावाला गेल्यात. मग बघू."

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते तेवढंच.

कानटोपी

पहिल्या माजात तिला घरात कोंडून ठेवली, दुसऱ्यातही. अंगणात कुत्र्यांची रांग लागायची आणि हे काठी घेऊन बसायचे. आमच्यात ठरलेलं असं काही नव्हतं, फक्त दोघंही हटत नव्हतो. ह्यांना पिल्लं नको होती, मला ऑपरेशन नको होतं.

"चार झाली तर दोन माद्या निघतील," हे म्हणायचे. "माद्या कोण नेतं? कुठे जातात त्या, मी रोज जेटीवर बघतो."

"मी घरं शोधीन. अंगणवाडीत साठ घरं आहेत माझ्या ओळखीची."

"साठ घरांत एकसुद्धा मादी नाही, सुनंदा. का नाही, ते बघ एकदा."

दुसऱ्या माजानंतर दोन महिन्यांनी ठकी अचानक कॉटखाली जाऊन बसली. बाहेर येईना. वाकून पाहिलं तर ह्यांची लोकरीची कानटोपी पोटाशी घेतलेली. चाटत होती तिला. हात पुढे केला तर गुरगुरली, आमची ठकी, जी मांजरावरसुद्धा गुरगुरत नसे. तिच्या आचळांना दूध आलं होतं.

मी जमिनीवर बसले ती बसलेच. अंगणवाडीची किल्ली माझ्याकडे होती आणि बाहेर पोरं खोळंबली होती. कोणीतरी हाक मारायला आलं तेव्हा उठले.

डॉक्टर मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "होतं असं. पोटात काही नसताना शरीराला वाटतं की आहे. दोन-तीन आठवड्यांत उतरेल. टोपी हळूच काढून घ्या, फिरायला न्या, लक्ष दुसरीकडे वळवा. आणि उतरलं की ऑपरेशनचं बघा."

"तिला पिल्लू हवंय, मॅडम."

"नाही हो, ताई. तिच्या मनात तसं काही नाही. शरीर फसतं तिचं, एवढंच."

मला राग आला. लग्न तरी झालंय का हिचं, असंही मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं. मी टोपी काढून घेतली नाही. उलट हे बघायला आले तेव्हा म्हटलं, "बघा. आता तरी बघा." ह्यांनी कॉटखाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजारातून दुसरी टोपी आणली.

असं पुढे प्रत्येक माजानंतर व्हायचं. कधी टोपी, कधी माझी चप्पल. प्रत्येक वेळी मी तिच्याजवळ बसायचे. आम्हा दोघींचं एक दुःख आहे असं मी धरून चालले होते. तिला मात्र पंधरा-वीस दिवसांनी सगळं विसरून खाडीवर खेकड्यांच्या मागे पळायचं असायचं.

डोहाळे

पाचव्या वर्षी हे थकले. "कर तुला हवं ते," म्हणाले. रागाने नाही, इंजिन दुरुस्त होत नाही असं गिऱ्हाइकाला सांगतात तसं.

पोस्टमन भाऊंकडे वाघ्या नावाचा चांगला तब्येतीचा कुत्रा होता. दोन दिवस त्याला आमच्या परड्यात ठेवला. मग मी दिवस मोजायला लागले. अंगणवाडीत गरोदर बायांची नोंद ठेवते तशी कॅलेंडरवर खूण केली. सहा घरांकडून कबुली घेतली, त्यातली दोन मादीसुद्धा न्यायला तयार झाली. ह्यांना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी फळ्या आणल्या आणि पिल्लं बाहेर पडू नयेत एवढ्या उंचीची एक चौकट ठोकून दिली. मी जुनी लुगडी धुऊन, उन्हात तापवून आत अंथरली.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ठकीचं पोट दिसायला लागलं. कुसुमकाकी रोज येऊन हात फिरवायच्या. "चार तरी आहेत गो."

ती खूप पाणी पिऊ लागली. वाडगा भरला की रिकामा, पुन्हा भरला की रिकामा. अंगणातच मुतायची, कधी पडवीत. जेवण कमी झालं. बांगड्याचं डोकं तिच्यासमोर तसंच राहायला लागलं. "डोहाळे," काकी म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

वीस वर्षं मी बायांना सांगत आले आहे: तोंडाला सूज आली, डोकं दुखलं, जेवण जाईना, तर घरच्यांचं ऐकत बसू नका, थेट दवाखाना गाठा. कोणी म्हणतं बाहेरचं झालंय, कोणी म्हणतं असंच असतं, त्यांना उलट बोला, मी आहे. असं सांगणारी बाई मी. माझ्या पडवीत एक मुका जीव वाडगेच्या वाडगे पाणी पीत होता आणि मी लुगडी वाळत घालत होते.

हे एकदा म्हणाले, "डोळे बघ तिचे. मला बरं दिसत नाही."

"तुम्हाला पहिल्यापासून नकोच होतं," मी म्हटलं. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर!

एका सकाळी तिला उलटी झाली. पिवळी, नुसतं पाणी. मग पडवीची एक पायरीसुद्धा तिला चढता आली नाही. पुढचे पाय वर ठेवले आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

निदान

आमच्या वाडीतले इक्बालभाई रोज सकाळी टेंपोतून मासळी घेऊन रत्नागिरीला जातात. पाचवेळचे नमाजी माणूस, कुत्र्याला शिवत नाहीत. मी रस्त्यावर धावत गेले, तर त्यांनी आमच्या ह्यांच्या हातातली ठकी पाहिली आणि पुढचं दार उघडलं.

"तुमचे कपडे खराब होतील," मी म्हटलं.

"नमाजाचे कपडे वेगळे ठेवीन, बाई. तुम्ही बसा आधी."

पावस गेलं, गोळप गेलं, भाट्याचा पूल आला. तिचं अंग माझ्या मांडीवर तापलेल्या तव्यासारखं लागत होतं. पोटावर हात ठेवून मी पिल्लं हलतात का ते चाचपत होते.

मॅडमनी तिच्या पोटावरचे केस काढले, जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला लागल्या. पडद्यावर काळे-काळे गोल दिसत होते. मला ती डोकी वाटली.

"किती आहेत?" मी विचारलं.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. पुन्हा यंत्र फिरवलं. मग टॉवेलने हात पुसले.

"पिल्लू नाहीये, ताई. एकही नाही. पिशवीत पू भरलाय. तोंड बंद आहे, म्हणून बाहेर काही दिसलं नाही."

मला वाटतं मी हसले. काहीतरी चूक झाली आहे असं वाटलं. कॅलेंडरवरची खूण, सहा घरं, सगळं मी त्यांना भराभर सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, ही त्यांची माया. मग कागद पुढे ओढून त्या विचारायला लागल्या. वय? पाच. शेवटचा माज? सात आठवडे. पाणी जास्त पिते? हो. किती दिवस? मी सांगितलं. त्यांचं पेन क्षणभर थांबलं.

"आधी कधी पिल्लं झाली होती?"

"नाही," हे म्हणाले. "आम्हाला नाही झाली."

मॅडमनी वर पाहिलं. ह्यांच्या लक्षात आलं नव्हतं आपण काय बोललो ते.

बाकावर

ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. रक्त तपासलं तर किडनीवर परिणाम झालेला होता. "जोखीम आहे," मॅडम म्हणाल्या, "पण न करणं म्हणजे ती गेलीच." कागदावर मी सही केली.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं आणि एक शेळी घेऊन आलेला म्हातारा. शेळीच्या पायाला लागलं होतं. आतून काही आवाज येत नव्हता. एरवी मला आवाजाचा त्रास होतो, त्या दिवशी शांततेचा झाला.

अर्ध्या तासाने माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "तो मंगळवार मी रद्द केला होता. मॅडम कुठे गेल्या नव्हत्या."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षी इंजेक्शनाला आलो तेव्हा. मॅडमनीच विचारलं, का रद्द केलंत म्हणून. तू बाहेर होतीस."

"मग बोलला का नाहीत? ओरडायचं होतं माझ्यावर. तेव्हा ओरडला असतात तर..."

ते शेळीकडे बघत राहिले. मला वाटलं राग एवढा मोठा आहे की तोंडातून निघत नाही. त्यानंतर आठवडाभर मी तेच समजत होते.

मॅडम बाहेर आल्या. ठकी जिवंत होती. "काय काढलंय ते बघायचं असेल तर दाखवते," त्या म्हणाल्या. हे आत गेले. मी आधी नको म्हटलं, मग मीही गेले. ट्रेमध्ये जे होतं त्याचं वर्णन करत नाही. पिल्लं राहायची ती जागा, तिचा टीचभरसुद्धा भाग चांगला उरला नव्हता. माझ्या आतून काढलेली पिशवी मी कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं मी तिच्यासाठी रडत होते, आणि ती मला डोळ्यांसमोर नेहमी रिकाम्या पाळण्यासारखी स्वच्छ दिसायची. तीसुद्धा आतून कशी झाली होती, कोण जाणे.

तीन दिवस

दवाखान्यात मुक्कामाची सोय नव्हती. रोज सकाळी इक्बालभाईंच्या टेंपोतून जायचं, दिवसभर सलाईन लावून बसायचं, दुपार कलल्यावर त्यांच्याबरोबरच परतायचं. पहिल्या दिवशी सीटवर त्यांनी ताडपत्री घातली होती. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर चादर होती. "घरातून दिली," एवढंच म्हणाले.

सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. ठकीच्या पुढच्या पायाला सुई आणि त्यावर गुलाबी चिकटपट्टी. मी तो पाय धरून बसायचे, कारण हलला की थेंब थांबायचे. थेंब पडतोय ना, एवढंच बघायचं. दर दोन तासांनी कंपाउंडर ताप बघून जायचा. लघवी झाली का, हा एकच प्रश्न सगळे विचारायचे. झाली की आम्ही तिघं-चौघं मोठी माणसं खुशीत एकमेकांकडे बघायचो.

शेळीवाला म्हातारा पट्टी बदलायला यायचा. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून कागदात बांधलेल्या दोन भाकऱ्या काढल्या आणि एक माझ्या पुढ्यात ठेवली. "तुम्ही कालपासून काय खाल्लेलं दिसत नाय," म्हणाला. मी ती भाकरी सगळी खाल्ली.

त्याच दिवशी दुपारी ठकीने डोकं उचललं. हे वाटीत पेज घेऊन बसले होते. तिने वाटी हुंगली, चार-पाच वेळा जीभ घातली, मग शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. एकदाच. ह्यांनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, माझ्या आजारपणातही पाहिलं नव्हतं.

परतताना मी ठकीशी बोलत होते. तिला सांगितलं, आता माज नाही, कोंडणं नाही, टोपी नाही. खाडीवर जायचं आणि खेकडे धरायचे. इक्बालभाई म्हणाले, "इन्शाल्ला, बाई." आम्ही त्या दिवशी खरंच आनंदात घरी आलो.

तिसऱ्या दिवशी लघवी थांबली. मॅडमनी दोन इंजेक्शनं दिली, वाट पाहिली, पुन्हा रक्त घेतलं. मग त्या माझ्याजवळ खाली जमिनीवर बसल्या. पांढरा कोट तसाच जमिनीवर.

"किडनी साथ देत नाहीये," त्या म्हणाल्या. "आपण उशिरा पोचलो."

"आपण" म्हणाल्या. ते त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, माहीत नाही. पण त्या शब्दाचे उपकार मी विसरणार नाही.

ह्यांनी विचारलं, "घरी नेऊ?"

"न्या."

सड्यावर

गोळपच्या चढानंतर सडा लागतो. सगळीकडे कातळ आणि कातळावर वाळलेलं गवत. तिथे तिने एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. मी वाट पाहत राहिले. मग ह्यांनी तिच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इक्बाल, थांबव."

इक्बालभाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागून मासळीच्या रिकाम्या टोपल्यांचा वास येत होता. ते खाली उतरले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी तिचे कान सरळ करत होते. तिचे कान झोपेत नेहमी उलटे व्हायचे.

परड्यात खड्डा खणायला फार वेळ लागला. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा दगडच. हे पहार मारत होते, दमले की इक्बालभाई पहार घेत. तिला धुतलेल्या लुगड्यांतल्या एकात गुंडाळली. दुसरं काय करायचं होतं त्यांचं?

कुसुमकाकी आल्या, डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "एक वेत झालं असतं ना, तर असं काय झालं नसतं."

"काकी," मी म्हटलं, "आता पुरे."

माझा आवाज चढला नव्हता. पण त्या घरी गेल्या आणि महिनाभर फिरकल्या नाहीत.

पूनम

घरात आम्ही दोघं होतो आणि बोलत नव्हतो. चहा झाला का, दिवा लाव, एवढंच. मी मनात ह्यांच्या बाजूने सगळी भांडणं करून पाहिली. तुझ्या हट्टापायी गेली, असं ते कधीतरी म्हणणार. म्हणाले असते तर मी सुटले असते.

एका रविवारी खालच्या वाडीतली पूनम आली. तिचा लहाना माझ्या अंगणवाडीत आहे. तिच्याकडे दहा महिन्यांची कुत्री, नुकतीच पहिल्यांदा माजावर येऊन गेलेली.

"बाई, तुम्हाला विचारायचं म्हणून आले," ती ओटीवर बसत म्हणाली. "आमचे हे ऑपरेशन करू म्हणतात. सासूबाई म्हणतात, आधी एक वेत होऊ दे, मग करा. पाप असतं म्हणे."

मी तिला सगळं सांगितलं. मंगळवार, टोपी, वाडगे, पडद्यावरचे काळे गोल. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, "वाट बघू नकोस, पूनम. तिला काही हवं नसतं त्यातलं. आपल्याला हवं असतं. पिल्लं झालेल्या कुत्रीलासुद्धा हा आजार होतोच. मॅडमना विचार, कुठल्या आठवड्यात करायचं ते त्या सांगतील, आणि सांगतील तेव्हा कर."

ती डोळे पुसत गेली. मी वळले तर हे दारात उभे. हातात पाना होता, बाहेर कसलंसं काम करत असावेत. सगळं ऐकलं होतं.

"मला एक सांगायचंय," म्हणाले, आणि पूनम उठली होती तिथे येऊन बसले.

"तुझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर बाहेर आले होते. मला विचारलं. म्हणाले, गाठी काढून पिशवी ठेवायचा प्रयत्न करू शकतो, पण रक्त थांबत नाहीये, बाईचं खरं नाही. काढली तर जगेल. काय करू, लवकर सांगा."

मी ओटीच्या कडेला टेकले.

"मी काढा म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. तू शुद्धीवर आलीस आणि म्हणालीस, मला कोणी विचारलं नाही. खरं होतं ते. मला विचारलं होतं."

"सतरा वर्षं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"तुझा राग डॉक्टरांवर होता. माझ्यावर आला असता तर तू कुठे गेली असतीस? आणि ठकीच्या वेळी... तुझ्या बाबतीत एकदा मी ठरवलं होतं. दुसऱ्यांदा तुझ्यावर ओरडून ठरवायला धीर झाला नाही. म्हणून गप्प बसलो. चूक तुझी एकटीची नाही."

त्यांना स्वतःला मूल हवं होतं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. बराच वेळ पाना या हातातून त्या हातात करत बसले. मग म्हणाले, "मला तू हवी होतीस."

मी त्यांच्यावर रागावले. दोन दिवस खरोखर रागावले. मग राग टिकेना. रक्त थांबत नाही असं सांगणारा माणूस समोर उभा आहे आणि एक क्षण हातात आहे, तिथे मी असते तर काय म्हटलं असतं? हेच म्हटलं असतं. ठकीच्या बाबतीत तर माझ्या हातात पाच वर्षं होती.

पूनमने मॅडमनी सांगितलेले आठवडे जाऊ दिले आणि ऑपरेशनचा दिवस ठरवला. तिचा नवरा मुंबईला कामावर, म्हणून आम्ही दोघं सोबत गेलो. त्याच बाकावर बसलो. तासाभराने कंपाउंडरने कुत्रीला चादरीतून आणून आमच्या पायाशी ठेवलं. ती अर्धवट गुंगीत होती, जीभ बाहेर. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, पूनमचा हात शोधला आणि चाटायला लागली. मॅडम आतूनच म्हणाल्या, दहा दिवस उड्या मारू देऊ नका, बाकी काही नाही.

मी उठून बाहेर गेले आणि गेटला धरून रडायला लागले. थांबताच येईना. पूनम घाबरून मागे धावत आली.

"बाई, काय झालं? काय बिघडलंय का तिचं? सांगा ना."

"नाही गो," मी म्हटलं. "सगळं नीट झालंय."